जागृत

तुळजापूर,
श्रावण वद्य तृतीया, शके १८६५

ती. सौ. अक्कास,
विमलचा वाकून नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. आठवा लागला म्हणतेस आणि त्याच पत्रात पापड लाटल्याचंही लिहितेस! भाऊजींना मालधक्क्यावरून सुट्टी मिळत नाही, लढाईची गर्दी आहे, सगळं कबूल. पण म्हणून तू हमालासारखं राबावंस असं रेल्वेच्या कुठल्या कायद्यात लिहिलंय? धाकटी असले तरी तुला रागावायचा हक्क मला आहे. आई नाही, आप्पाही गेले, आता तुला रागवायला उरलंय कोण?

इथलं सगळं ठीक. आत्याबाई मला जपतात. शेजारच्या सुना माझा हेवा करतात, की अशी सासू सगळ्या तुळजापुरात शोधून सापडायची नाही. सोवळं फार, पण बोलणं मऊ. श्रावणात यात्रेकरू कमी, त्यामुळे ओसरी रिकामी आहे. इकडून पूजा सांगून येणं झालं की दुपारी माझ्याशी चार गोष्टी बोलणंही होतं. आणखी काय हवं?

एकच चमत्कार झालाय. माझी झोप हरवली. माहेरी बेंबळीला आप्पा मला उठवायला ताटली बडवायचे आणि मी कूस बदलून पुन्हा घोरायची, आठवतं ना? ती मी आता दिवा मालवला की माळवदाच्या तुळयांकडे बघत पडते ते थेट कोंबडा आरवेपर्यंत. दिवसा मग डोकं भरून येतं. परवा आमटीत दोनदा मीठ पडलं. सगळ्यांनी मुकाट्यानं जेवण केलं, कुणी चकार शब्द काढला नाही, इतकी चांगली माणसं. मला मात्र त्या न बोलण्यानंच कसंतरी झालं आणि मी कोठीघरात जाऊन उभी राहिले. रडायला गेले होते, पण रडू आलं नाही, मग तशीच डाळ घेऊन परत आले.

उगीच काळजी करत बसू नकोस. बाळंतविडा शिवायला घेतलाय, झबलं जरा वाकडं होतंय.

तुझी,
विमल


सोलापूर,
श्रावण वद्य दशमी

चि. सौ. विमलला अक्काचे पोटभर आशीर्वाद.

अगं वेडाबाई! झोप उडणं, मीठ दोनदा पडणं, बसल्या जागी कसंतरी होणं, याला आमच्याकडे एकच नाव आहे आणि ते ऐकून तू लाजशील. आधी आत्याबाईंच्या कानावर घाल. मी इथं जमिनीवर बसले की उठायला दोन माणसं लागतात, तरी तुझं पत्र वाचून उडीच मारायची बाकी होती.

तसं नसलं तर उपाय सांगते. झोपताना तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीनं घासून घे. दुधात जायफळ उगाळून घे. आणि दिवसा काम काम करत फिरू नकोस.

किती दिवस झाले गं झोप नाही त्याला? आणि रडू येत नाही म्हणजे काय? हे दोन मात्र नीट लिही. सहज विचारते.

तुझी अक्का


तुळजापूर,
भाद्रपद वद्य दशमी

ती. सौ. अक्कास नमस्कार.

महिना होऊन गेला, पत्र नाही, म्हणून रागावली असशील. लिहायला घ्यायची आणि दौत उघडून तशीच बसायची. गौरी आल्या, जेवल्या, गेल्या. मी होते तिथं, पण जसं काही दुसऱ्या कुणाच्या घरी.

तुझा अंदाज चुकला. चुकला तो चुकला, पण तुझं पत्र इकडून आत्याबाईंना मोठ्यानं वाचून दाखवणं झालं. त्यांनी तेवढ्या आशेवर माझी ओटी भरली. पुढे जे काय कळायचं ते कळल्यावर एका शब्दानं बोलल्या नाहीत, नारळ फोडून सगळ्यांना खोबरं वाटलं. कुणी टाकून बोललं असतं तर मला भांडता तरी आलं असतं.

तूप, जायफळ सगळं झालं. झोप नाही. आषाढात कधीतरी गेली ती गेलीच. आता वेणी घालायला हात वर करावासा वाटत नाही. घास तोंडात फिरत राहतो. आजारी म्हणावं तर अंगात ताप नाही. दुःख म्हणावं तर कुणी दिलेलं नाही. याला नावच नाही, तर कुणाला सांगू, अक्का?

सध्या इथं देवी निजली आहे. तुला ठाऊक आहेच, नवरात्राआधी ती सिंहासनावरून उतरून पलंगावर निजते. त्या गाद्यांच्या कापसातला काडीकचरा वेचायला गल्लीतल्या बायकांबरोबर मीही बसले होते. हे दिवस आमच्या घरात मोठ्यानं बोलायचं नाही, जातं ओढायचं नाही, मूल रडलं तर त्याला परसात न्यायचं, अशी आत्याबाईंच्या सासूपासूनची रीत. सगळं घर तोंडावर बोट ठेवून तिच्या झोपेला जपतं. आणि मी तिच्या गादीचा कापूस हातात घेऊन बसले, तर मला वाटलं, इथंच डोकं टेकावं आणि कुणी हाक मारू नये.

एक गंमत झाली. सास्तूरची इरम्मा म्हणून एक म्हातारी यात्रेकरू आमच्याकडे उतरलीय. आपसात कानडी, आमच्याशी मराठी. ती पहाटे उठून पाहते तर मी तुळशीपाशी बसलेली. म्हणाली, ‘माय, निजली न्हाईस व्हय?’ मी थट्टेनं म्हटलं, ‘देवी निजलीय ना? मग कुणीतरी जागं नको का?’ ती टक लावून बघत राहिली आणि एकदम वाकून तिनं माझ्या पायाला हात लावला. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

विमल


सोलापूर,
भाद्रपद वद्य त्रयोदशी

चि. विमल,

आशीर्वाद. तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. 

मी सांगते ते ऐक. तू इथं ये. बाळंतपणाला मदत हवी म्हणून बोलावलंय असं सांग, मी तसं वेगळं कार्डही टाकते. एकटी बसू नकोस. रात्री झोप आली नाही तर त्यांना उठव, नवरा आहे तो, उठू दे. आणि परसातल्या विहिरीवर पाण्याला जाऊ नकोस. आत्याबाईंना म्हणावं, कमरेत भरलंय. शेवाळ असतं ना, पावसाळ्याचे दिवस.

थट्टा करायची सवय आता जरा आवर. माणसं खरं मानतात.

इथं एक डॉक्टरीणबाई आहेत, माझं नाव त्यांच्याकडे घातलंय. फार शांतपणे ऐकून घेतात. तू आलीस की आपण दोघी जाऊ.

ये. लगेच ये.

तुझी अक्का


तुळजापूर,
भाद्रपद अमावास्या

ती. अक्कास,

येता येत नाही. उद्या घट बसतील. आणि आता तर मला सोडणारच नाहीत.

तू म्हणालीस तेच झालं, थट्टा खरी झाली. इरम्मानं ते वाक्य देवळाच्या पायऱ्यांपर्यंत नेलं. देवी निजलीय आणि उपाध्यांची सून तिच्या जागी जागते. बायका यायला लागल्या. आधी नुसत्या डोकावून जायच्या, आता ओट्या घेऊन येतात. परवा सकाळी आत्याबाईंनी मला ओसरीवर पाट मांडून दिला. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी लग्नातही पाहिला नव्हता. ‘जागृत आहे पोर,’ असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. जागृत देवस्थान म्हणतात ना, तसं.

मी खरं सांगून पाहिलं. म्हटलं, मला बरं वाटत नाही, मला काही खावंसं वाटत नाही. तर इरम्मा म्हणाली, ‘देवीचं वारं आंगाला पेलत न्हाई, तवा तसंच व्हतंय माय. लई भाग्याची तू.’ गप्प बसले तर म्हणतात, मौन धरलंय. जे करावं ते त्यांच्याच बाजूनं जातं.

परवा दुपारी पाटावर बसल्या बसल्या डोळा लागत होता. किती दिवसांनी, अक्का! डोळ्यांवर अशी गोड सावली आली होती. आत्याबाईंनी हळूच खांदा हलवला. ‘विमल, लांबून आलीत गं माणसं.’ त्यांचा हात मऊच होता.

विहिरीचं म्हणशील तर तू आईचं आठवून लिहिलंस, हे मला कळलं. तिचा पाय घसरला होता. माझा घसरायचा नाही. मी उभी राहून पाहिलंय, काठ चांगला रुंद आहे, शेवाळ अजिबात नाही. पाणी खोल आहे, पण गार आणि शांत. मला तिथं बरं वाटतं.

झबलं टोपलीत आहे, तेवढं सावकाश पुरं होईल.

विमल


सोलापूर,
आश्विन शुद्ध द्वितीया

रा. रा. गोपाळकृष्णराव यांस,
प्रमोदिनीचा नमस्कार.

परवा मला मुलगी झाली. बाजेवरून उठायची परवानगी नाही, म्हणून हे पेन्सिलीनं लिहिते आहे. गाडीत बसण्याजोगी असते तर हे पत्र न पाठवता मीच आले असते. यांना सुट्टी मिळत नाही. तेव्हा जे करायचं ते तुम्हाला करायचं आहे.

आजवर कुणाला न सांगितलेलं तुम्हाला सांगते. आमची आई विहिरीत पाय घसरून पडली असं विमलला माहीत आहे. ती तेव्हा पाळण्यातून नुकती उतरली होती. मी मोठी होते, मला कळत होतं. आईचा पाय घसरला नाही. तिनं घागर काठावर नीट ठेवली होती, जोडवी काढून घागरीत टाकली होती. आप्पांनी ती काढून घेतली आणि मला म्हणाले, पाय घसरला असं म्हणायचं.

त्याआधी किती महिने ती झोपत नव्हती. पहाटेच्या कितीतरी आधी उठून दळण काढायची. सगळी बेंबळी तिचं कौतुक करायची, की काय कामाची बाई, रात्रीसुद्धा हात स्वस्थ नाही. कुणी विचारलं नाही की बाई, तू निजत का नाहीस. मीही कौतुकच करत होते. मला वाटायचं, माझी आई सगळ्यांत कामसू.

विमलचं तेच चाललं आहे. तुमच्याकडे त्याला दळणाऐवजी पाट मिळाला, इतकाच फरक. ती विहिरीवर उभी राहून पाणी किती खोल आहे ते बघते, असं तिनं मला तिच्या हातानं लिहिलंय. तुम्हाला माहीत आहे का?

तिला घेऊन या. घट, यात्रेकरू, काय असेल ते असो. तुमच्या आईंना हे पत्र वाचून दाखवा.

तुमची,
अक्का


तुळजापूर,
आश्विन शुद्ध चतुर्थी

ती. सौ. अक्कांच्या सेवेशी,
बालके गोपाळकृष्णाचा शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

कन्यारत्न झाल्याचं वाचून सर्वांस आनंद झाला. आपण प्रकृतीस जपावं. येथे नवरात्राची गर्दी फार असून यजमान मंडळी परगावांहून उतरली आहेत. दसऱ्यापर्यंत आमच्या घरचा माणूस गाव सोडून जात नाही, हा परिपाठ वडिलांच्या वेळेपासूनचा. आईंचं म्हणणं असं पडलं की पौर्णिमेनंतर सावकाश पाहू. देवीचं कृत्य आहे, त्यात आडवं येऊ नये.

आपलं पत्र आईंना वाचून दाखवलं. आपल्या मातोश्रींचा मजकूर तेवढा वाचला नाही. माझ्यानं वाचवेना.

अक्का, आता खरं लिहितो. मी रात्री दाराला पाठ लावून बसतो. ती उठली तर कळावं म्हणून. एकदा डुलकी लागली आणि जाग आली तेव्हा दार उघडं होतं. ती विहिरीच्या काठावर बसली होती. मी हात धरून आणली. ‘हात दुखतोय’ एवढंच म्हणाली. इतका घट्ट धरला होता मी.

दुसऱ्या दिवशी मी परसाच्या दाराला कुलूप लावलं. आईंनी विचारलं, मी म्हटलं, यात्रेकरूंची पोरं तिकडे जातात. आईंच्या तोंडावर मला बोलता येत नाही. कधीच आलं नाही. बाहेर लोक म्हणतात, तुमच्या घरी भाग्य आलं, आणि मी हो म्हणतो.

आपण काही तरी करा.

गोपाळकृष्ण


सोलापूर,
आश्विन शुद्ध पंचमी

ती. गं. भा. आत्याबाईंच्या पायांवर डोकं ठेवून,
प्रमोदिनीचा नमस्कार.

गोपाळकृष्णराव, हे पत्र तुम्ही वाचणार आणि आत्याबाई ऐकणार. कुलदेवीची शपथ घालते, एक ओळ गाळू नका. गाळलीत तर तुमचा डोळा लागेल त्या रात्री विमलला कोण दाराला पाठ लावून राखणार आहे, याचा विचार करा.

आत्याबाई, माझी आई पाय घसरून गेली नाही. ती आपल्या पायांनी गेली. मागच्या पत्रातली ही गोष्ट तुमच्यापर्यंत पोचली नाही, म्हणून पुन्हा लिहिते. तीही महिनोन् महिने झोपत नव्हती आणि सगळे तिला चांगलं म्हणत होते. विमल रात्री उठून विहिरीशी गेली होती. परसाच्या दाराला कुलूप पोरांसाठी लावलेलं नाही.

तुम्ही माझ्या बहिणीला पोटच्या पोरीसारखं वागवता, ती प्रत्येक पत्रात लिहिते. म्हणून तुमच्याशी भांडायचं धाडस करते. तुमच्या घरात देवी निजते तेव्हा जातं वाजत नाही. मूल रडलं तर परसात नेतात. का? ती दमते म्हणूनच ना? एवढी महिषासुराला मारणारी, तिलासुद्धा तुम्ही निजवता, गादी घालता, कुणाला हाक मारू देत नाही. आणि माझ्या विमलचा डोळा लागला तर तुम्ही तिचा खांदा हलवता!

देवी झोपते. विमल झोपत नाही. मग ती देवीहून थोर झाली का? जागृत हा शब्द देवळाला शोभतो, आत्याबाई. न झोपणाऱ्या, न जेवणाऱ्या, न रडणाऱ्या पोरीला माणसं आजारी म्हणतात. तुम्ही आजारी म्हणा, मग बाकीचे म्हणतील. तुम्ही म्हटल्याशिवाय कुणी म्हणणार नाही, तुमचा मुलगासुद्धा नाही.

माझं काही चुकलं असेल तर मला हवं ते बोला. पण आधी तिला तुम्ही स्वतः विचारा. एकदाच. तुमच्या तोंडानं.

प्रमोदिनी


तुळजापूर,
आश्विन शुद्ध सप्तमी

प्रमोदिनीला गिरिजाबाईचा आशीर्वाद.

लिहितोय गोपाळ, सांगतेय मी. त्याला बजावलंय की मी बोलेन तसंच उतरव, पंडिताई करू नको.

पोरी, तुझा लई राग आला. एवढ्याशा वयात मला देवी शिकवतेस! गोपाळनं मधेच कागद खाली ठेवला, तरी मी म्हटलं, वाच पुढं. वाचून झाल्यावर मी त्याला कुलपाची किल्ली मागितली. त्यानं कडोसरीतून काढून दिली. किल्ली खुंटीला न्हाई, त्याच्या कमरेला होती म्हणजे तुझं खरं, हे मला तेव्हाच कळलं. मग मी त्याच्यावर लई ओरडले. नवरात्रात घरात ओरडले.

ओसरीवर बायका होत्या. विमल पाटावर होती. मी म्हटलं, आज दर्शन न्हाई, घरी जा. इरम्मा म्हणाली, ‘आई, माझी सून दोन दिस चालत आलीय.’ मी म्हटलं, तिला जेवू घाल अन् निजव, तिचंही पुण्य लागंल. दार लावून घेतलं.

विमलला आत नेलं. सोवळं बाजूला ठेवून तिचं डोकं मांडीवर घेतलं. विचारलं, ‘बाई, विहिरीवर काय बघतीस?’ म्हणाली, ‘आत्याबाई, तिथं मला कुणी उठवणार न्हाई.’

माझा हात तिच्या खांद्यावरच होता. काढता पण येईना न् ठेवता पण येईना.

मी तिला बरंच काय काय बोलले, ते गोपाळला लिहू नको म्हटलंय. ती रडली. तू लिहिलं होतंस ना, रडू येत न्हाई म्हणून. आलं. लई आलं. अन् रडता रडता थोडी निजली. तेवढा वेळ मी हललेसुद्धा न्हाई, पाय बधिर झाला.

पण म्या काही खुळी न्हाई. एका झोपेनं हे जाणारं न्हाई, एवढं मला कळतं. आम्ही उद्या पहिल्या मोटारीनं निघतो. ती, मी अन् गोपाळ. घटाला पाणी शेजारचे भटजी घालतील. गल्लीतले म्हणतील, गिरिजाबाई अष्टमीला घट टाकून गेली. म्हणू देत. देवीनं विचारलं तर तिला काय सांगायचं ते माझ्याजवळ आहे.

हे पत्र आज संध्याकाळच्या मोटारवाल्याच्या हाती पुढं धाडतेय. मोटारीत मी पाणी पिणार न्हाई, पोचल्यावर आंघोळीला पाणी ठेव. निजामाच्या हद्दीवर करोडगिरीच्या नाक्यावर जकातीचे लोक गाठोडी सोडायला लावतात म्हणे. आमच्या गाठोड्यात विमलची दोन लुगडी अन् तुझ्या लेकीचं झबलं आहे, सोडून बघू देत.

डॉक्टरीणबाईला सांगून ठेव. पुरुष डॉक्टर असला तरी माझी हरकत न्हाई.

गिरिजाबाई


सोलापूर,
कार्तिक शुद्ध षष्ठी

ती. गं. भा. आत्याबाईंच्या चरणी,
विमलचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र इकडून वाचून दाखवणं होईल तेव्हा सगळं वाचावं, आता गाळायचं काही राहिलेलं नाही.

तुम्ही इथून गेल्यापासून दर आठवड्याला डॉक्टरीणबाईंकडे जाते. त्या आधी नुसतं विचारतात आणि मी बोलते. कधी काही बोलावंसं वाटत नाही, तेव्हा त्या आपलं काम करत बसतात आणि मी बाकावर बसते. औषध कडू आहे. पहिल्या दिवशी मी म्हटलं, मला काय झालंय त्याला नाव नाही. त्या म्हणाल्या, आहे, आणि इंग्रजीत काहीतरी सांगितलं. मला ते म्हणता आलं नाही. पण असं पुष्कळ जणींना होतं म्हणाल्या. पुष्कळ जणींना, आत्याबाई! मला किती हलकं वाटलं. मग त्या पुष्कळ जणींची काळजी वाटायला लागली.

बरी आहे असं लिहिणार नाही. तुम्ही मांडीवर घेऊन वचन घेतलंय की खोटं सांगायचं नाही. काही दिवस चांगले जातात, परवा मी स्वतःहून भाकरी मागून घेतली. काही दिवस सगळं पुन्हा तसंच. विहिरीचं मनात येतं. आलं की अक्काला सांगते. आईचं तिनं मला सगळं सांगितलं. आम्ही दोघी त्या दिवशी फार रडलो आणि मग मला आईचा थोडा राग आला, आणि तो आला म्हणून बरंही वाटलं.

काल रात्री झोप लागली नाही. अक्काची लेक रडत होती, सगळं घर जागं होतं, त्यामुळे एकटं वाटलं नाही. पण ती निजल्यावरही मी जागीच. सकाळी अक्काला म्हटलं, झोप लागली नाही गं. तिनं माझ्या पायाला हात लावला नाही. म्हणाली, ‘पड जरा,’ आणि लेकीला उचलून बाहेर गेली. बाहेर कुणीतरी मोठ्यानं बोललं तर अक्कानं त्याला दटावल्याचं ऐकू आलं. मी पडले. डोळा लागला की नाही ते आठवत नाही, पण उठले तेव्हा ऊन ओसरीवरून गेलं होतं.

इकडून पौषात न्यायला यायचं आहे असं लिहिणं झालं. डॉक्टरीणबाई म्हणतील तेव्हा मी येईन. मला यायचं आहे. पण एक मागते, आत्याबाई. मी आले की बायका येतील. इरम्माही येईल, ती मनाची फार चांगली आहे. त्या विचारतील, जागृत सून कुठं आहे. तेव्हा दारातच सांगा, की ती आजारी होती, औषध चालू आहे, आत्ता निजलीय. मी निजलेली नसले तरी तसंच सांगा.

सांगाल ना?

तुमची,
विमल